मँचेस्टरच्या बाई, जपानची समुद्रमाता

दरवर्षी १४ एप्रिलला दक्षिण जपानमधल्या उतो इथे, समुद्राकाठी सुमियोशीला, नोरीची शेती करणारी मंडळी जमतात. नोरी म्हणजे सुशीला गुंडाळलेलं असतं ना, ते काळपट हिरवं कागदासारखं, तेच. समोर आरिआकेचा समुद्र आणि इथे हे एक दगडी स्मारक, १९६३ साली उभं केलेलं. कुठल्या राजाचं नाही, देवाचं नाही, एका इंग्रज शास्त्रज्ञ बाईंचं. कॅथलीन ड्रू-बेकर. या बाई आयुष्यात कधी जपानला आल्या नाहीत, नोरी पिकवणं तर सोडाच, आणि तरी इथे त्यांना समुद्रमाता म्हणतात, त्यांच्या नावाने उत्सव होतो.

हे कसं काय झालं, ते बघू.

कॅथलीनबाई १९०१ च्या, लँकेशायरमधल्या ली गावच्या, म्हणजे कोळशाच्या खाणी आणि गिरण्यांचा मुलूख, समुद्राचा काही संबंध नाही. मँचेस्टर युनिव्हर्सिटीत बॉटनी घेतलं, १९२२ ला फर्स्ट क्लास मिळवला, तिथेच शिकवायला लागल्या, मधे स्कॉलरशिपवर कॅलिफोर्नियात बर्कलीला जाऊन आल्या, हवाईला जाऊन शेवाळांचे नमुने गोळा केले. सगळं मस्त चाललेलं. मग १९२८ ला लग्न केलं आणि नोकरी गेली. का, तर लग्न झालेल्या बाईला युनिव्हर्सिटी नोकरीवर ठेवत नव्हती, तसा नियमच होता. नवरा त्याच शहरात इंजिनिअरिंगचा प्राध्यापक झाला, त्याच्या लग्नाने त्याच्या नोकरीला काही झालं नाही हे वेगळं सांगायला नको.

पण बाईंनी लॅब सोडली नाही. मानद संशोधक म्हणून, पुढे बरीच वर्षं पगाराशिवाय, त्या काम करत राहिल्या, दोन मुलं सांभाळून. नवऱ्याने, हेन्री राइट बेकरने, त्यांना भरती-ओहोटीसारखं पाणी चढेल उतरेल अशी टाकी बनवून दिली. (हा माणूसही भारी होता हां, मृत समुद्राजवळच्या गुहेत सापडलेली, मजकूर कोरलेली तांब्याची प्राचीन गुंडाळी १९५५-५६ मध्ये बारीक करवतीने कापून उघडली ती यानेच. पण आजची गोष्ट त्याची नाही.)

आता कोडं काय होतं ते ऐका. पॉर्फायरा नावाचं लाल शेवाळ आहे, नोरी त्याच्याच गोतावळ्यातली. वेल्समध्ये पण लोक पॉर्फायरा शिजवून खातात. आणि आपल्या कोकणात, सिंधुदुर्गापासून गोव्यापर्यंत, पावसाळ्यात लाटा फुटतात त्या खडकांवर याचीच एक जात उगवते, पातळ, बुळबुळीत, जांभळट, आणि पावसाळा सरला की गायब. जपानमध्ये ती थंडीत यायची आणि उन्हाळ्यात गायब. मग उरलेलं वर्ष ती असते कुठे? कोणालाच माहीत नव्हतं. जपानी लोक शेकडो वर्षं समुद्रात बांबू, फांद्या रोवून ठेवायचे, नंतर जाळी लावायला लागले, आणि बी आपोआप येऊन चिकटेल म्हणून वाट बघायची. आलं तर आलं. बी कुठून येतं तेच माहीत नाही म्हटल्यावर पेरणार तरी काय?

बाईंनी पॉर्फायराचे बीजाणू, म्हणजे त्याचं बी, शिंपल्यांसोबत पाण्यात ठेवले. बीजाणू शिंपल्यात भोक पाडून आत शिरले आणि आत बारीक गुलाबी धागे वाढायला लागले. आता गंमत अशी की हे धागे शास्त्रज्ञांनी आधीच पाहिले होते, १८९२ ला त्याला कॉन्कोसेलिस असं नावसुद्धा दिलेलं, पण सगळे समजत होते की ही वेगळीच वनस्पती आहे! दोन नावं, दोन वेगळे जीव, आणि प्रत्यक्षात एकच, एकाच आयुष्याचे दोन टप्पे. १९४९ ला हे नेचर या विज्ञानाच्या नियतकालिकात छापून आलं, एक छोटासा लेख. त्यात नोरीच्या धंद्याचा विचार कुठेच नव्हता, बाईंना फक्त हे शेवाळ जगतं कसं ते बघायचं होतं.

तिकडे जपानमध्ये युद्धानंतर नोरीची पिकं बुडत होती, वादळांनी वाट लावलेली. क्यूशू युनिव्हर्सिटीतल्या सेगावा सोकिचींनी या शोधाच्या आधारे जपानी नोरीवर तेच करून पाहिलं, आणि जमलं. मग ओता फुसाओ आणि बाकीच्यांनी त्यातून बी तयार करायची पद्धत बसवली. आजही साधारण तशीच चालते. हिवाळ्याच्या शेवटी टाकीत कालवांचे शिंपले ठेवायचे, नोरीचे बीजाणू त्यात शिरतात, उन्हाळाभर शिंपल्यावर काळसर डाग पसरत जातात, ते म्हणजे आतली नोरी. शरद ऋतूत दिवस लहान झाला, पाणी गार झालं की शिंपल्यातून नवे बीजाणू सुटतात आणि त्याच वेळी जाळी मोठ्या चाकावर गुंडाळून टाकीत फिरवायची, बी चिकटलं की जाळी समुद्रात. आधी जो जुगार होता त्याची आता खरी शेती झाली, आणि मग धंदा असा वाढला की आज जपानमध्ये वर्षाला नोरीचे अब्जावधी कागद निघतात, त्यात सगळ्यात मोठा वाटा याच आरिआकेचा, जिथे भरती-ओहोटीत जवळजवळ ६ मीटरचा फरक पडतो.

बाई १९५७ ला गेल्या, वय फक्त ५५. त्याआधी १९५२ ला ब्रिटनची शेवाळशास्त्राची संस्था सुरू करण्यात त्या होत्या, पहिल्या अध्यक्षही त्याच. पण त्यांचं स्मारक उभारायचं सुचलं ते इथल्या मच्छीमारांना, पैसेही त्यांनीच काढले. मला हे जास्त मोठं वाटतं, कारण पुरस्कार देणारी समिती असते, इथे तर ज्यांच्या घरात त्या शोधाने चूल पेटली ती माणसं स्वतःच्या खिशातून दगड आणतायत.

आणि उत्सवाची तारीख बघा, एप्रिल. नोरीचा हंगाम संपत आलेला, जाळी वर काढायची वेळ, आणि टाक्यांमध्ये शिंपले पुढच्या वर्षासाठी तयार होतायत. २०२२-२३ च्या हंगामात आरिआकेत पीक फार कमी आलं, पाण्यात पोषक द्रव्यं कमी पडली की नोरीचा रंगच उडतो आणि भाव मिळत नाही. बी कुठून येतं हे आता ठाऊक आहे, पाणी कसं सुधारायचं यावर मच्छीमार आणि शास्त्रज्ञ दोघंही डोकं लावतायत.