डोंगराच्या पलीकडे

नमस्कार श्रोतेहो.

'माइनक्राफ्ट' हा गेम पहिल्यांदा सुरू केला, तेव्हा मी बराच वेळ नुसता उभा होतो. हातात काही नाही, कुठे जायचं ते सांगणारं कुणी नाही. समोर एक डोंगर आणि डोक्यावर सूर्य. या जगातले दिवस-रात्र मिळून 20 मिनिटांत संपतात, त्यामुळे अंधार पडायला फार वेळ नव्हता. तरीही पाय वळले ते डोंगराकडेच. पलीकडे काय असेल? या एका प्रश्नावर हा सगळा खेळ उभा आहे.

अशा गेमना सँडबॉक्स म्हणतात. वाळूत खेळणाऱ्या मुलाला जसं कुणी काम नेमून देत नाही, तसंच इथे.

एक गुहा माझ्या चांगलीच लक्षात आहे. दगड फोडता फोडता टिकावाखालचा ठोकळा निघाला आणि मागे नुसता काळोख दिसला. कुठूनतरी पाणी वाहिल्याचा आवाज येत होता. मी मशाली लावत आत शिरलो, सगळ्या उजव्या हाताच्या भिंतीवर. जुने खेळाडू हे आवर्जून सांगतात, कारण परतताना त्या डाव्या हाताला दिसल्या की वाट बरोबर आहे हे कळतं. शेवटची मशाल लावली आणि खाली लाव्हाचं अख्खं तळं उजळलेलं दिसलं. ते पाहणारा मी पहिलाच माणूस होतो. हे मी फुगवून सांगत नाही. ती गुहा गेम बनवणाऱ्यांनीही पाहिलेली नव्हती.

कारण हे जग कुणी हातानं रचलेलं नसतं. सुरुवातीला एक आकडा ठरतो, त्याला सीड म्हणतात, म्हणजे बी. त्या आकड्यावरून संगणक डोंगर, नद्या, गुहा गणितानं घडवतो, आणि तेही तुम्ही जसजसे पुढे जाल तसतसे. तोच आकडा त्याच आवृत्तीत पुन्हा दिला, तर तेच डोंगर जागच्या जागी उभे राहतात. युक्ती तशी जुनी आहे. 1984 साली 'एलिट' या गेमनं प्रत्येकी 256 ताऱ्यांच्या 8 आकाशगंगा अशाच गणितातून उभ्या केल्या होत्या, तेही अवघ्या 32 किलोबाइट मेमरीच्या संगणकावर.

पण नुसतं अफाट जग पुरत नाही, असं माझं ठाम मत आहे. नकाशावर आधीच शंभर खुणा असतील, तर आपण शोधत नाही, यादी संपवत असतो. 2017 च्या 'ब्रेथ ऑफ द वाइल्ड' या गेममध्ये हे फार सुंदर जमलंय. मनोऱ्यावर चढलं की भूभागाचा नकाशा उघडतो, पण कुठे काय दडलंय ते तो सांगत नाही. दुर्बिणीतून आपणच न्याहाळायचं आणि खूणही आपणच करायची. मग ती जागा 'आपली' होते.

म्हणून माझी एक विनंती आहे. तुमच्या गेममध्ये दिशादर्शक बाण बंद करायची सोय असेल, तर एक संध्याकाळ तो बंद करून बघा. थोडं चुकाल. वळणावरचं विचित्र झाड, नदीचा फाटा, दुरून दिसणारा धूर यांच्यावरून वाट लक्षात ठेवू लागाल.

माझ्या त्या गुहेत लाव्हाच्या पलीकडच्या काठावर आणखी एक भोक दिसतं. अजून तिथवर पोचलो नाही. आज रात्री दगडांचा पूल बांधायला घेणार आहे.

नमस्कार.