कुणाला किती अवघड हवंय

(अंधारी खोली. पडद्याचा निळसर उजेड. कीबोर्डवर बोटांचा अखंड खडखडाट.)

आधी हा आवाज नीट ऐका. पत्र्यावर पाऊस पडावा तसा येतोय. एकाच माणसाची दहा बोटं आहेत ही. व्यावसायिक पातळीवर हीच बोटं मिनिटाला तीनशेच्या वर आज्ञा देतात.

खेळाचं नाव 'स्टारक्राफ्ट टू'. २७ जुलै २०१० रोजी तो आला. दोन खेळाडू, एक नकाशा. खाणीतून खनिज काढायचं, त्यातून कारखाने उभारायचे, कारखान्यांतून सैन्य काढायचं आणि समोरच्याचा तळ उद्ध्वस्त करायचा. यात पाळी नावाचा प्रकारच नाही. तुम्ही विचार करत बसलात, तर तेवढ्या वेळात समोरचा आणखी चार रणगाडे काढून मोकळा.

पडद्यावर एका वेळी नकाशाचा लहानसा तुकडा दिसतो. त्यामुळे नजर सतत फिरती ठेवावी लागते. इथे खाण, तिथे लढाई, पलीकडे शत्रूचा हेर. नजर नव्या जागी गेली, तिथे काय चाललंय ते उमगलं, मग हात हलला. नजर गेल्यापासून हात हलेपर्यंत जो वेळ जातो, तो मोजता येतो. कारण हा खेळ प्रत्येक सामन्याची फाइल जपून ठेवतो. कुठली कळ कधी दाबली, सगळं त्यात असतं.

(नकाशा: कॅनडा, ब्रिटिश कोलंबिया.)

कॅनडातल्या सायमन फ्रेझर विद्यापीठात जो थॉम्पसन, मार्क ब्लेअर आणि अँड्र्यू हेन्री या तिघांनी अशा फायली गोळा केल्या. ३,३०५ खेळाडू, वयं १६ ते ४४. कोणी अगदी नवखा, कोणी पोटापाण्यासाठी खेळणारा. २०१४ साली त्यांचा निष्कर्ष प्रसिद्ध झाला: नजर आणि हात यांच्यातला हा वेळ २४व्या वर्षापासून वाढायला लागतो. वर्षानुवर्षांच्या सरावानेही ही घसरण थांबत असल्याचं त्यांना दिसलं नाही.

चोविशीतच उतरण! बातमी तेवढीच फिरली. त्याच अभ्यासातली दुसरी गोष्ट मात्र मागे राहिली, आणि मला ती जास्त मोलाची वाटते. वयाने मोठे खेळाडू त्याच पातळीवर टिकून होते. हात मंदावला होता, पण त्यांनी डावपेच साधे ठेवले होते आणि खेळातल्या शॉर्टकट कळांसारख्या सोयी अधिक हुशारीने वापरल्या होत्या. आपल्याकडे तालमीतला वस्ताद म्हणतो ना, ताकद संपली की डाव कामी येतो. अगदी तेच, फक्त कीबोर्डवर.

(लाल-निळ्या चौकटीत दोन खेळाडूंची नावं. मधे 'प्रतिस्पर्धी शोधत आहे...')

आता खरा प्रश्न. एकट्याने खेळायच्या खेळात सुरुवातीलाच विचारतात: सोपं, मध्यम की कठीण? ऑनलाइन खेळात, जिथे समोर हाडामासाचा माणूस असतो, तिथे ही यादी सहसा नसतेच. समोरचा माणूस हाच तुमचा अवघडपणा. मग तो कोण असावा, हे ठरवतं कोण?

ठरवतो एक हिशोब, आणि त्याचं मूळ बुद्धिबळात आहे. अर्पाद एलो हे हंगेरीत जन्मलेले, अमेरिकेत मिलवॉकीला भौतिकशास्त्र शिकवणारे प्राध्यापक. त्यांनी खेळाडूच्या ताकदीला आकडा देण्याची पद्धत बसवली. १९६० मध्ये अमेरिकेच्या बुद्धिबळ संघटनेने आणि १९७० मध्ये जागतिक संघटनेने, फिडेने, ती स्वीकारली. बलवानाला हरवलंत तर आकडा भरभर वर, दुबळ्याकडून हरलात तर धाडकन खाली. मायक्रोसॉफ्टने पुढे एक्सबॉक्ससाठी 'ट्रूस्किल' नावाची पद्धत काढली. तीही याच वाटेने जाणारी. साधारण सारख्या आकड्याची माणसं समोरासमोर आणायची, म्हणजे जिंकण्याची शक्यता दोघांचीही निम्मी निम्मी.

या हिशोबात वयाचा रकानाच नाही. सोळा वर्षांचा मुलगा आणि बेचाळीस वर्षांचे गृहस्थ एकाच आकड्यावर असले, तर ते एकमेकांसमोर येतात. आकडा सारखा, पण त्या आकड्यापर्यंत पोचण्याचा रस्ता वेगळा. मुलगा तिथे हाताच्या जोरावर आलाय, गृहस्थ डोक्याच्या.

निम्मी शक्यता सगळ्यांनाच रुचते असंही नाही. काही तरबेज खेळाडू नवं खातं उघडतात आणि नवख्यांमध्ये घुसून त्यांना झोडपतात. याला 'स्मर्फिंग' म्हणतात. गल्लीत मोठ्या मुलांनी पाचवीतल्या पोरांच्या डावात येऊन षटकार मारावेत, तसा प्रकार. तो मला अजिबात आवडत नाही. नवा माणूस पहिल्या आठवड्यातच खेळ सोडून जातो, तो कधी कधी अशाच कुणामुळे.

(वेगवेगळ्या वयाचे चेहरे. हेडफोन, चष्मे, पडद्याचं चष्म्यातलं प्रतिबिंब.)

मग वयाप्रमाणे आवड बदलते का? बदलते, पण अवघडपणाची आवड सरसकट आटत नाही. कॅलिफोर्नियातली 'क्वांटिक फाउंड्री' ही निक यी आणि निकोलस डुशनो यांची संस्था जगभरच्या खेळाडूंना त्यांच्या आवडीनिवडी विचारते. लाखो लोकांच्या उत्तरांतून त्यांना दिसलं की वय वाढतं तशी सर्वांत जास्त घटते ती चुरशीची हौस, म्हणजे दुसऱ्याला हरवण्याची. विचारपूर्वक डावपेच आखण्याची हौस मात्र जवळपास जागची हलत नाही. तरुण पुरुषांमध्ये ही चुरस स्त्रियांपेक्षा पुष्कळ जास्त असते, पण पंचेचाळिशीच्या आसपास हा फरक जवळजवळ मिटतो. प्रश्नावली स्वतःहून भरणाऱ्यांची ही उत्तरं आहेत, एवढं ध्यानात ठेवायला हवं.

आणि सरासरी म्हणजे काही कुणा एकाचं नशीब नसतं. फिनलंडचा योना सोताला, खेळातलं नाव 'सेराल'. फेब्रुवारी २०२४ मध्ये पोलंडमधल्या कातोवित्सेला तो स्टारक्राफ्टची जागतिक स्पर्धा जिंकला, तेव्हा पंचविशी ओलांडलेली होती. दक्षिण कोरियात तर खेळाडूची कारकीर्द मोडायला बोटं मंदावायचीसुद्धा वाट पाहावी लागत नाही. तिथे तरुणांना लष्करी सेवा सक्तीची. एके काळी कोरियाच्या हवाई दलाने स्वतःचा स्टारक्राफ्ट संघ काढला होता, गणवेशातल्या खेळाडूंचा हात बसून राहू नये म्हणून.

इथे एक गोष्ट समोर येते. वयाचा अवघडपणा बोटांत कमी आणि घड्याळात जास्त असतो.

(एक भलंमोठं दगडी, हवेत तरंगणारं किल्ल्यासारखं बांधकाम. त्याच्या दारात चाळीस जणांची झुंबड.)

हे पाहा. 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट', नोव्हेंबर २००४ पासून चालू असलेला खेळ. आणि हा नॅक्सरमस, जून २००६. आत शिरायला चाळीस माणसं लागायची. संगणकातली बाहुली नव्हेत, जिवंत माणसं, प्रत्येक जण आपापल्या घरी बसलेला. आत 'चार घोडेस्वार' नावाचे राक्षसी योद्धे होते. शत्रूचा मार अंगावर घेणाऱ्याला खेळाडू 'टँक' म्हणतात. इतर लढायांना दोन-तीन टँक पुरायचे, इथे आठेक लागायचे. ते ठरलेल्या क्षणी एकमेकांची जागा घ्यायचे. एकाची वेळ चुकली की चाळीसही जण आडवे, आणि मग पुन्हा पहिल्यापासून.

असं आठवड्यातून तीन-चार रात्री, महिनोन्‌महिने. विशीतला विद्यार्थी ते करू शकत होता. ज्याच्या घरी बाळ रडतंय, ज्याची रात्रपाळी आहे, जिला सकाळी साडेसहाला डबे भरायचेत, त्यांना ते शक्य नव्हतं. त्यांचा हात चांगला होता, डोकं चांगलं होतं. मंगळवारी रात्री आठ ते बारा त्यांच्याकडे नव्हते. नॅक्सरमसचं शेवटचं दालन खेळाडूंपैकी फारच थोड्यांनी पाहिलं. कलावंतांनी इतक्या कष्टाने रंगवलेल्या त्या भिंती बहुतेकांसाठी कधी उजळल्याच नाहीत. मला याचं अजूनही वाईट वाटतं.

खेळ बनवणाऱ्या ब्लिझर्ड कंपनीलाही ते खुपलं असावं. २००८ मध्ये तोच नॅक्सरमस दहा आणि पंचवीस जणांसाठी नव्याने आला. नोव्हेंबर २०११ मध्ये त्यांनी आणखी मोठं पाऊल उचललं. एक बटण दाबा, सर्व्हर तुमच्यासाठी चोवीस अनोळखी सोबती गोळा करेल, आणि सगळ्यांत सोप्या पातळीवर ती लढाई तुम्हीही लढाल. जुन्या मंडळींनी ओरड केली. आम्ही जे रक्त आटवून मिळवलं, ते आता फुकट वाटतायत, असा त्यांचा सूर होता. त्यांचं दुःख खोटं नव्हतं. पण त्यांच्यापासून कुणी काही काढूनही घेतलं नव्हतं. कारण कठीण पातळी कायम राहिली.

माझ्या मते सर्वांत शहाणा बदल झाला तो सप्टेंबर २०१३ मध्ये. संघात किती जण आहेत त्यावर शत्रूची ताकद ठरू लागली. बारा जण आहात? बारा जणांपुरता शत्रू. बाळ उठलं म्हणून एक जण गेला? पुढच्या प्रयत्नाला अकरा जणांपुरता. आज या खेळात मोठ्या लढायांच्या चार पातळ्या आहेत. सर्वांत वरची, 'मिथिक', अजूनही नेमक्या वीस जणांचीच.

वेळेची वेस तरुणांनाही असते, फक्त ती दुसरं कुणी आखतं. भारतात २०२१ साली आलेल्या 'बीजीएमआय' (बॅटलग्राउंड्स मोबाइल इंडिया) या मोबाइलवरच्या खेळात १८ वर्षांखालच्यांना दिवसाला ३ तासांची मर्यादा घातली गेली.

(रंगीबेरंगी बेट. एक मुलगा पापणी लवायच्या आत लाकडी मनोरा उभारतो.)

आता थोडं घरचं. माझं वय त्रेचाळीस. भाचा नाशिकला, वय पंधरा. तो मला 'फोर्टनाइट'मध्ये ओढून घेऊन गेला. या खेळात गोळी चालवता चालवता भिंती, जिने, मजले बांधायचे असतात, तेही सेकंदाला दोन-तीन. "मामा, भिंत! भिंत बांध ना!" असा तो कानात ओरडायचा आणि माझी भिंत येईपर्यंत खेळ संपलेला असायचा. २०१९ मध्ये न्यूयॉर्कच्या आर्थर अ‍ॅश स्टेडियमवर या खेळाचा पहिला विश्वचषक झाला. एकेरीचं ३० लाख डॉलरचं बक्षीस जिंकणारा काइल गियर्सडॉर्फ सोळा वर्षांचा होता. त्याचं बांधकाम एकदा पाहिलं की हा कुणाचा खेळ आहे, ते कळतं.

मग मार्च २०२२ मध्ये 'झिरो बिल्ड' आलं. तोच नकाशा, तीच शस्त्रं, बांधकाम वजा. त्यात आडोसा हेरणं, उंचवटा आधी पकडणं, कधी पळायचं ते ओळखणं, असलंच काम जास्त. मला ते सोपं वाटलं नाही. जे अवघड मला जमण्यासारखं होतं, ते त्यात शिल्लक होतं. माझ्यासारखे किती तरी जण त्या दारातून परत आत आले असतील.

बुद्धिबळाने ही सोय फार आधी केली. ऑनलाइन बुद्धिबळात पट तोच, फक्त घड्याळ निवडायचं. बुलेट म्हणजे पुऱ्या डावाला प्रत्येकी एक मिनिट. ब्लिट्झ तीन किंवा पाच, रॅपिड दहापासून पुढे. आणि 'डेली'मध्ये एकेका खेळीला दिवसच्या दिवस. पण इथेही वयाला गृहीत धरू नका. डिसेंबर २०२४ मध्ये कोनेरू हंपी सदतिसाव्या वर्षी जलद बुद्धिबळाची जगज्जेती झाली. जुलै २०२५ मध्ये जॉर्जियातल्या बातुमीला महिला विश्वचषकाची अंतिम फेरी जलद डावांत गेली, तेव्हा तिला हरवलं नागपूरच्या एकोणीस वर्षांच्या दिव्या देशमुखने.

(बर्फाचा प्रदेश. जपान, अकिता. ओळीने मांडलेले संगणक.)

अकिता हा जपानमधला सर्वांत म्हातारा होत चाललेला प्रांत. २०२१ मध्ये तिथे 'मातागी स्नायपर्स' हा साठीपुढच्या खेळाडूंचा संघ उभा राहिला. मातागी म्हणजे त्या डोंगरांतले पिढीजात शिकारी. हे आजी-आजोबा 'व्हॅलोरंट' खेळतात. क्षणात नेम धरायचा खेळ, संशोधनाच्या हिशोबाने त्यांच्यासाठी सर्वांत गैरसोयीचा. त्याआधी, २०१७ मध्ये, स्वीडनमध्ये 'सिल्व्हर स्नायपर्स' हा ज्येष्ठांचा 'काउंटर-स्ट्राइक' संघ निघाला होता. सोपा खेळ निवडायची मोकळीक त्या सगळ्यांनाच होती.

(पुन्हा पहिली खोली. आता दिवा लागलेला आहे. टेबलावर चहाचा कप.)

स्टारक्राफ्टमध्येच २०१५ पासून जोडीने खेळायचा एक प्रकार आहे. दोन माणसं एका बाजूला, संगणक दुसऱ्या बाजूला. इथे ती जुनी यादी पुन्हा भेटते: कॅज्युअल, नॉर्मल, हार्ड, ब्रूटल. मी आणि भाचा आठवड्यातून दोनदा खेळतो, रात्री साडेनऊला, घरातली आवराआवर झाल्यावर. मी नकाशा पाठ केलाय, पुढची लाट कुठून येणार ते सांगतो. त्याची बोटं तिथे माझ्या आधी पोचतात.

परवा मीच म्हटलं, आज ब्रूटल लावू.

"नको मामा," तो म्हणाला, "आज नॉर्मलच लाव. उद्या बीजगणिताचा पेपर आहे."