जोसेफ स्मिथला त्या जंगलात नक्की काय दिसलं?

[पडद्यावर: जुन्या वहीचं पान, खाडाखोड दिसेल इतकं जवळून]

हे पान १८३२ चं आहे. लिहिणारा सव्वीस वर्षांचा, शाळेत फारसा न गेलेला, स्पेलिंग हवं तसं, वाक्य सुरू झालं की संपायचं नाव नाही. लिहितोय काय, तर मी पंधरा-सोळा वर्षांचा पोरगा असताना एकटाच रानात प्रार्थनेला गेलो आणि वरून आगीचा खांब उतरला... मग ती 'आग' खोडलीय आणि 'प्रकाश' केलंय. त्या प्रकाशात प्रभू दिसला आणि म्हणाला, जोसेफ, बाळा, तुझी पापं माफ झाली.

लिहिणारा म्हणजे जोसेफ स्मिथ, मॉर्मन धर्माचा संस्थापक. आज त्याला मानणारं सगळ्यात मोठं चर्च, ज्याचं मुख्यालय अमेरिकेत सॉल्ट लेक सिटीला आहे, ते आपले सदस्य १ कोटी ७० लाखांच्या वर सांगतं. आणि ही सगळी इमारत उभी आहे ती त्या एका सकाळवर. हे मी टीका म्हणून म्हणत नाहीये हां, त्यांचे अध्यक्ष गॉर्डन हिंकली यांनी २००२ मध्ये जाहीर भाषणात स्वतःच सांगितलं होतं की ते दर्शन एकतर झालं किंवा नाही झालं, आणि झालं नसेल तर आमचं हे सगळं काम म्हणजे फसवणूक. मधला रस्ताच ठेवला नाही माणसाने.

तर मग बघूया ना.

[पडद्यावर: पाल्मायराजवळचं झाडांचं बन, उन्हाची तिरीप]

जागा न्यूयॉर्क राज्यातली, पाल्मायरा गावाच्या बाहेरची. १८१६ च्या उन्हाळ्यात व्हरमाँटमध्ये बर्फ पडला, पिकं गेली, आणि कर्जात बुडालेलं स्मिथ कुटुंब उठून इकडे आलं. इकडे काय, तर धर्माचा नुसता बाजार भरलेला! मेथडिस्ट, बाप्टिस्ट, प्रेस्बिटेरियन सगळे तंबू ठोकून बसलेले, रात्र रात्र प्रवचनं, लोक रडतायत, जमिनीवर पडतायत, आणि दुसऱ्या दिवशी तेच प्रचारक तुझा कळप मोठा की माझा यावरून भांडतायत. या पट्ट्याला पुढे 'जळून गेलेला प्रदेश' म्हणायला लागले, म्हणजे इतक्या वेळा धर्माचा वणवा फिरून गेला की जळायला काही उरलं नाही.

अशात एका चौदा वर्षांच्या पोराला प्रश्न पडला, यातलं खरं कोण? बायबलमध्ये त्याने वाचलं की शहाणपण कमी पडत असेल तर देवाला विचारा. गेला विचारायला. १८२० चा वसंत. जगभरचे मॉर्मन आज जी गोष्ट सांगतात ती त्याने १८३८ मध्ये सांगायला घेतलेली: आधी अंधाराने त्याला पकडलं, जीभ बांधल्यासारखी झाली, मग प्रकाश, आणि प्रकाशात हवेत उभ्या दोन व्यक्ती. एकीने दुसरीकडे बोट दाखवून म्हटलं, हा माझा लाडका पुत्र, याचं ऐक. आणि उत्तर मिळालं की कुठल्याच चर्चमध्ये जाऊ नकोस, सगळे चुकलेत.

आता तुमच्या लक्षात आलं असेल. १८३२ मध्ये एक प्रभू, १८३८ मध्ये दोन व्यक्ती. १८३२ मध्ये मुद्दा पापांच्या माफीचा, १८३८ मध्ये खरं चर्च कुठलं याचा. १८३२ मध्ये तो म्हणतो की सगळे पंथ भरकटलेत हे मला बायबल वाचून आधीच कळलं होतं, आणि १८३८ मध्ये म्हणतो की सगळेच चूक असतील असं माझ्या मनाला शिवलंही नव्हतं. वयही सरकतं. आणि १८३५ मध्ये सांगितलं तेव्हा दोन व्यक्ती आहेतच, वर पुष्कळ देवदूतही आहेत.

टीका करणाऱ्यांचं म्हणणं सरळ आहे, गोष्ट वाढत गेली. सुरुवातीला देव आणि येशू यांच्याबद्दलची त्याची शिकवण साधी होती, पुढे तो दोघं वेगळे, दोघांना शरीर आहे असं शिकवायला लागला, आणि दर्शनातही मग दोघं आले. मानणारे म्हणतात, अरे तुम्ही तुमच्या लग्नाची गोष्ट आईला, मित्राला आणि ऑफिसात सारखीच सांगता का? दोन्ही बाजूंना पटकन हसू नका. माणूस आठवण सांगताना ती बदलते हे खरंच आहे. पण समोर कोण उभं होतं, एक की दोन, आणि त्यातला एक साक्षात देवबाप, हा तपशील विसरण्यातला आहे का, हे मला काही केल्या पचत नाही.

पण मला या भांडणात सगळ्यात इंटरेस्टिंग वाटतो तो त्या १८३२ च्या पानांचा प्रवास. तीन पानं, सहा बाजू, कोणीतरी वहीतून कापून काढलेली. ती बरीच वर्षं होती चर्चचे अधिकृत इतिहासकार जोसेफ फील्डिंग स्मिथ यांच्या तिजोरीत. हे संस्थापकाच्या सख्ख्या भावाचे नातू, पुढे चर्चचे अध्यक्षही झाले. का ठेवली ते कुठे लिहिलेलं नाही, पण अधिकृत गोष्टीशी ती जुळत नव्हती. आता गंमत बघा. १९४५ मध्ये फॉन ब्रोडी या मॉर्मन घरातल्याच बाईने जोसेफ स्मिथचं चरित्र लिहिलं, आणि त्यात मांडलं की सुरुवातीच्या वर्षांत या दर्शनाचा कुठे पत्ताच नाही, म्हणजे हे बहुतेक नंतर रचलेलं. पुढच्या वर्षी तिला चर्चमधून काढून टाकलं. आणि तिला उत्तर देऊ शकेल असा कागद, १८३८ च्या सहा वर्षं आधी त्याच माणसाने स्वतःच्या हाताने लिहिलेला कागद, कुलपात! ज्यांना तो उपयोगी पडला असता त्यांनीच दाबून ठेवला. शेवटी १९६५ मध्ये तो बाहेर आला, चर्चच्याच ब्रिगॅम यंग युनिव्हर्सिटीतल्या एका प्रबंधातून. आज चर्चच्याच वेबसाइटवर खाडाखोडीसकट बघता येतो.

मग दुसरा वाद पेटला, तारखांचा. १९६७ मध्ये वेस्ली वॉल्टर्स नावाच्या प्रेस्बिटेरियन पाद्र्याने जुनी चर्चची रजिस्टरं धुंडाळून म्हटलं की पाल्मायरात सदस्यांची मोठी लाट आली ती १८२४-२५ मध्ये, १८२० मध्ये तसं काही नाही. मॉर्मन अभ्यासक लगेच कामाला लागले, आणि त्यांनीही रिकाम्या हाताने नाही परत यायचं ठरवलं होतं. १८२० च्या जूनमधली पाल्मायराच्या पेपरातली बातमी मिळाली, मेथडिस्टांच्या शिबिराच्या आसपास दारू पिऊन एक माणूस मेला अशी. म्हणजे शिबिरं होत होती. बरं, पण चर्चचा पहिला छापील इतिहास जोसेफचाच उजवा हात ऑलिव्हर काउडरीने १८३४-३५ मध्ये लिहिला, तो एका अंकात जोसेफच्या पंधराव्या वर्षातल्या धर्माच्या खळबळीपासून सुरू करतो आणि पुढच्या अंकात म्हणतो, चुकलं, सतरावं वर्ष धरा, आणि तिथून थेट १८२३ च्या देवदूतावर उडी. जंगलातलं दर्शन मधल्यामध्ये गायब. हे मानणाऱ्यांना आजही अडचणीचं जातं.

[पडद्यावर: जुन्या वर्तमानपत्राचा कॉलम]

अजून एक गोष्ट, जी दोन्ही बाजू जरा घाईघाईत सांगून पुढे जातात. त्या काळात त्या भागात असं काही दिसणं ही अजिबात जगावेगळी गोष्ट नव्हती. १८२१ मध्ये चार्ल्स फिनी नावाचा वकिली शिकणारा तरुण त्याच न्यूयॉर्क राज्यात रानात प्रार्थनेला गेला, आणि त्या दिवशी ऑफिसात परतल्यावर त्याला येशू समोर उभा दिसला. तो पुढे देशातला सगळ्यात गाजलेला प्रवचनकार झाला. १८२३ मध्ये पाल्मायराच्याच पेपरात एसा वाइल्ड नावाच्या माणसाचं दर्शन छापून आलं, त्यालाही देवाने सांगितलेलं की सगळे पंथ बिघडलेत. यावरून जोसेफने चोरलं असं सिद्ध होत नाही. पण त्या मातीत पोरांना काय दिसत होतं याचा अंदाज येतो. म्हणून माझं मत विचाराल तर, त्या पोराला रानात काहीतरी जबरदस्त अनुभव आला असणार, हे मानायला मला काहीच जड जात नाही. तिथे कॅमेरा नेता येत नाही आणि त्यावर भांडून कोणाच्या हाती काही लागणारही नाही.

तपासता येतं ते पुढचं.

१८२३ मध्ये मोरोनी नावाचा देवदूत आला आणि टेकडीत पुरलेल्या, अक्षरं कोरलेल्या सोन्याच्या पत्र्यांबद्दल बोलला, असं जोसेफ सांगतो. १८२७ मध्ये पत्रे हाती आले, १८३० मध्ये त्यांचं 'भाषांतर' म्हणून बुक ऑफ मॉर्मन हा धर्मग्रंथ छापला, पाच हजार प्रती, आणि छपाईसाठी मार्टिन हॅरिस या शेतकऱ्याची जमीन गहाण पडली. मधल्या काळात हा तरुण काय करत होता? खास दगडात बघून लोकांना पुरलेला खजिना शोधून देत होता. १८२६ मध्ये त्यावरून त्याला कोर्टात उभं केलं गेलं. आणि पुस्तकाचं भाषांतरही बरंचसं तसंच झालं, दगड टोपीत ठेवायचा, तोंड टोपीत घालायचं आणि बोलत सुटायचं. त्या दगडाचा फोटो २०१५ मध्ये चर्चनेच प्रसिद्ध केला, चॉकलेटी रंगाचा, अंड्याएवढा.

त्याची बायको एमा हिची म्हातारपणी, १८७९ मध्ये, तिच्याच मुलाने मुलाखत घेतली. ती म्हणते पत्रे टेबलावर असायचे, एका लिननच्या टेबलक्लॉथमध्ये गुंडाळलेले. घर आवरताना मी ते सरकवायचे. उघडून कधी बघितले नाहीत, पण कापडावरून बोट फिरवलं की जाड कागदासारखे वाकायचे आणि कडेला अंगठा लावला की धातूसारखा आवाज यायचा. मला ही साक्ष सगळ्यात जास्त छळते. नवऱ्याला मरून पस्तीस वर्षं झालीत, त्याने लपूनछपून केलेल्या लग्नांनी तिचा जीव खाल्लाय (ती तर ती लग्नं झालीच नाहीत म्हणून सांगायची, मुलासमोर दुसरं काय सांगणार), जोसेफनंतर युटाला, म्हणजे सॉल्ट लेक सिटीकडे, गेलेल्या मॉर्मनांशी तिचं पटलेलं नाही, तरी यावर ती ठाम. म्हणजे टेबलावर काहीतरी होतं. ते त्याने स्वतः पत्रा कापून बनवलं असेल असं डॅन व्होगेलसारखे इतिहासकार म्हणतात, आणि तरीही तो साधा भामटा नव्हता, देवाचं काम आहे म्हणून थोडी लबाडी चालते असं मानणारा होता, असंही म्हणतात.

काउडरी, हॅरिस आणि डेव्हिड व्हिटमर या तीन साक्षीदारांनी देवदूत आणि पत्रे पाहिल्याचं लिहून दिलं. तिघंही पुढे जोसेफशी भांडून बाहेर पडले, साक्ष मात्र एकानेही मागे घेतली नाही. भारी मुद्दा आहे, मानायलाच हवं. फक्त त्याच्या शेजारी जेम्स स्ट्रँगला उभं करा. १८४४ मध्ये जोसेफला तुरुंगात जमावाने मारलं, आणि स्ट्रँग म्हणाला देवदूताने मला नेमलंय, मग १८४५ मध्ये विस्कॉन्सिनमधल्या एका टेकडीतून त्यानेही धातूचे पत्रे काढून दाखवले, त्यालाही साक्षीदार मिळाले. आणि त्याचा प्रचारक म्हणून इंग्लंडला कोण गेलं, तर आपला मार्टिन हॅरिस! आज मॉर्मनांना विचारा, स्ट्रँगचे पत्रे खरे का? लगेच नाही म्हणतील.

दुसऱ्याचं दर्शन खोटं ठरवायला खुद्द जोसेफलाही वेळ लागत नसे. १८३० मध्ये, चर्चला सहा महिनेही झाले नव्हते, हायरम पेजला, जो त्या तिघांशिवाय पत्रे पाहिल्याचं सांगणाऱ्या आणखी आठ साक्षीदारांतला एक, त्यालाही दगडातून संदेश येऊ लागले. जोसेफला लगोलग साक्षात्कार झाला की ते सैतानाचं काम आहे. १८३५ च्या नोव्हेंबरमध्ये जोशुआ नाव सांगून एक दाढीवाला पाहुणा आला, तो होता रॉबर्ट मॅथ्यूज, स्वतःला प्रेषित म्हणवणारा. जोसेफने त्याला जंगलातलं दर्शन सांगितलं (वर म्हटलं ते १८३५ चं वर्णन हेच), त्याचं जेवणखाण केलं, त्याची शिकवण ऐकली, आणि दोन दिवसांनी त्याला वाटेला लावताना सांगितलं की तुझा देव म्हणजे सैतान आहे.

[पडद्यावर: पपायरसचे तुकडे]

आणि जिथे पडताळणी सरळ होऊ शकते अशी एक जागा आहे. त्याच वर्षी, १८३५ मध्ये, एका फिरत्या प्रदर्शनवाल्याकडून इजिप्तच्या चार ममी आणि पपायरस, म्हणजे तिथला जुना कागद, २४०० डॉलरला घेतले गेले. जोसेफ म्हणाला यात बायबलमधल्या अब्राहमने स्वतःच्या हाताने लिहिलेलं आहे, आणि त्याचं भाषांतर दिलं. तेव्हा अमेरिकेत इजिप्तची लिपी वाचणारं कोणी नव्हतं म्हटलं तरी चालेल. पपायरस शिकागोच्या आगीत जळाले असं सगळे धरून चालले होते. १९६६ मध्ये त्यातले तुकडे न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियममध्ये निघाले, पुढच्या वर्षी चर्चला मिळाले, आणि तज्ज्ञांनी वाचले. होर नावाच्या पुजाऱ्याच्या मयतासोबत ठेवायचा मजकूर, अब्राहमच्या काळाच्या कितीतरी शतकं नंतरचा. अब्राहमचं नावही नाही. २०१४ मध्ये चर्चनेही आपल्या लेखात मान्य केलं की तुकड्यांवरची अक्षरं आणि भाषांतर जुळत नाही, मग पुढे जोडलं की कदाचित तो भाग हरवलेल्या तुकड्यांवर असेल, किंवा पपायरस बघून त्याला फक्त स्फुरलं असेल. रानातल्या प्रकाशाबद्दल मी गप्प बसेन, पण इथे नाही. इथे माणूस म्हणाला हे असं लिहिलंय, आणि तसं लिहिलेलं नाहीये.

२०१३ पासून चर्चने हे सगळे अवघड विषय वेबसाइटवर लेखांमधून स्वतःच मांडले, दर्शनाची वेगवेगळी वर्णनं, दगड, टोपी, सगळं. काहींना वाटलं बरं झालं, काहींनी ते वाचूनच चर्च सोडलं. त्यांचा राग बघाल तर दर्शनं वेगवेगळी निघाली यावर कमी असतो, आम्हाला शाळकरी वयापासून एकच का शिकवलं यावर जास्त.

आणि एक दुसरं घर आहे, त्याचं नाव फारसं घेतलं जात नाही. जोसेफचा मुलगा, तोच ज्याने आईची मुलाखत घेतली, तो १८६० मध्ये वेगळ्या शाखेचा प्रमुख झाला. आज तिला कम्युनिटी ऑफ क्राइस्ट म्हणतात. त्यांनी हळूहळू हट्ट सोडला, बुक ऑफ मॉर्मन हा खरा इतिहास माना असं ते सदस्यांना सांगत नाहीत, जंगलातल्या गोष्टीवरही कोणाची परीक्षा घेत नाहीत. मोकळी माणसं. पण पैशाची चणचण. २०२४ च्या मार्चमध्ये त्यांनी ओहायोतलं कर्टलँडचं मंदिर, जिथे १८३६ मध्ये आपल्याला येशू आणि मोझेस दिसले असं जोसेफने सांगितलं होतं, आणि त्यासोबत जोसेफची घरं, हस्तलिखितं, असं बरंच काही सॉल्ट लेक सिटीवाल्यांना विकून टाकलं, जवळपास १९ कोटी २५ लाख डॉलरला.