लाल हेल्मेट

(दृश्य : संध्याकाळ, नाशिकरोड. मेडिकलच्या पायरीशी उभ्या माणसाचे फक्त हात. हातात लाल हेल्मेट.)

निवेदन :

सातला दहा कमी. बिटको चौकाची गर्दी मागे टाकून जरा आत आलं की ही गल्ली. हेल्मेट घेऊन उभे असलेले हे गृहस्थ ज्याची वाट बघताहेत, त्याचं नाव त्यांना ठाऊक नाही. दुपारी फोनवर एवढंच ठरलंय : 'मेडिकलपाशी या. माझ्या हातात लाल हेल्मेट असेल.'

यांचंही नाव आम्ही सांगणार नाही, चेहरा दाखवणार नाही. अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस, म्हणजे दारू सोडू पाहणाऱ्यांचा समूह, त्याची ती रीतच आहे : पेपरात, रेडिओवर, पडद्यावर सभासदाने स्वतःला उघड करायचं नाही. आपण त्यांना दादा म्हणू.

नाशकात दारूचा पत्ता कुणाला विचारावा लागत नाही. परमिट रूमच्या पाट्या रात्री लांबून दिसतात, आणि द्राक्षमळ्यांतली वाइन तर शहराची शान झाली आहे. दारू सोडणाऱ्यांची मीटिंग शोधायला निघालं की मात्र पाटी सापडत नाही. साहजिक आहे. मोठ्या पाटीखालून आत शिरताना गल्लीतल्या कुणी पाहिलं तर? आलेल्याला सांभाळणारा आडोसाच नव्या माणसाला चकवतो.

दादा सातपूरला कारखान्यात फिटर, राहायला सिडकोत. मीटिंग निवडली नाशिकरोडची, शाळेच्या वर्गात भरणारी, मुद्दाम, ओळखीचं कुणी भेटू नये म्हणून. (शेजारच्या बाकावर पहिल्याच दिवशी कंपनीतला माणूस निघाला, ते सोडा.)

नंबर आणला होता वहिनींनी. लाइट बिलाच्या मागे लिहून टीव्हीशेजारी ठेवला, बोलल्या काहीच नाहीत. नवी बिलं येत राहिली, भरली गेली, ते बिल सहा महिने जागचं हललं नाही.

पहिल्यांदा दादा शाळेच्या फाटकापर्यंत गेले. वॉचमन म्हणाला, 'काय काम?'

'पालकसभा आहे का आज?'

'नाही.'

'बरं.'

आणि परत. त्या रात्री नेहमीपेक्षा जास्तच प्यायले, हे ते आता हसत सांगतात. दुसऱ्या खेपेला वर्गाला कुलूप. शाळेला सुट्टी, म्हणून त्या आठवड्यापुरती जागा बदललेली. न जायला कारण हवंच होतं, ते कुलपाने दिलं. म्हणून सांगतो, कुठून तरी मिळालेल्या वेळेवर आणि पत्त्यावर विसंबू नका, आधी फोन करा. फोन घेणारा पगारी नोकर नसतो. तोही कधीतरी असाच फाटकावरून परत फिरलेला असतो.

मधे दादांनी घरीच, कुणाला न विचारता, एकदम बंद केली. हात थरथरायला लागले आणि दुसऱ्या रात्री फिट आली. वर्षानुवर्षं रोज पिणाऱ्याने डॉक्टरांशिवाय अशी सोडली तर जिवावर बेतू शकतं. फिट, भास हे सगळं पहिल्या तीन-चार दिवसांतच गाठतं. समूह म्हणजे दवाखाना नव्हे. इथले जुने लोक नव्याला आधी विचारतात, 'डॉक्टरांना दाखवलंत का?' कुठून सुरुवात करावी हेच कळत नसेल तर सरकारी हेल्पलाइन आहेत : व्यसनासाठी १४४४६, मनाच्या त्रासासाठी टेलिमानस १४४१६.

(दृश्य : रिकामा वर्ग. फळा, बाक, थर्मास.)

लोक यायच्या आधी आम्हाला आत सोडलं. पाचवीचा वर्ग. फळ्यावर लसावि-मसावि. बाक इतके बुटके की मोठ्या माणसाचे गुडघे वर येतात. चहा बघणाऱ्या काकांनी एक गोष्ट सांगितली : नव्या माणसाचा कप ते अर्धाच भरतात. हात कापत असतो. पूर्ण भरला तर सांडतो, आणि चारचौघांत चहा सांडला की माणूस पुन्हा येत नाही.

१९३५ साली अमेरिकेतल्या अ‍ॅक्रन शहरात एक शेअर बाजारातला माणूस आणि एक सर्जन, दोघेही दारूने पोखरलेले, एकमेकांशी बोलत बसले. तिथून हे सुरू झालं. १९५७मध्ये मुंबईत पोचलं. आपल्याकडे प्यायला कागदोपत्री परवाना लागतो. इथे बसायला फॉर्म नाही, फी नाही. दारू सोडायची इच्छा, अट एवढीच. भाडं, चहा सभासदच आपसात भागवतात. बाहेरची देणगी घेत नाहीत.

वहिनींची मीटिंग वेगळी. अल-अ‍ॅनॉन, पिणाऱ्याच्या घरच्यांसाठी. दादांच्या वर्षभर आधी त्या तिकडे जायला लागल्या. 'त्यांची दारू मी थांबवू शकत नाही, हे कळायलाच मला तिथे जावं लागलं,' त्या म्हणाल्या. मला विचाराल तर या घरात आधी सुटका त्यांची झाली.

(दृश्य : पुन्हा मेडिकलची पायरी. दिवे लागलेले.)

सात वाजून दहा. आत मीटिंग सुरू झाली असेल. दादा या हातातलं हेल्मेट त्या हातात घेतात. दोनदा घड्याळ बघतात. फोन वाजतो.

'हां, बोला... नाही नाही, उशीर नाही झालेला. कुठे आहात?'

थोडा वेळ ते नुसतं ऐकतात. मग मान वर करून रस्त्यापलीकडे रसवंतीकडे बघतात. तिथे एक जण कानाला फोन लावून उभा आहे. आम्ही आलो तेव्हाही तो तिथेच उभा होता.

दादा म्हणतात, 'दिसलात. थांबा, मीच येतो.'

आम्ही कॅमेरा खाली घेतला.