एमजीएची प्रतिकृती आणि गिअरबॉक्सची निवड

सोलापुरात अक्कलकोट रस्त्यावरच्या औद्योगिक वसाहतीत, यंत्रमागांचे सुटे भाग दुरुस्त करणाऱ्या एका लेथच्या शेजारच्या शेडमध्ये, 1955 साली इंग्लंडमध्ये बाजारात आलेल्या एमजीए या दोन आसनी स्पोर्ट्‌स कारची प्रतिकृती आकार घेत आहे. चासी उभी राहिली आहे, पत्र्याचे अंग ठोकून झाले आहे आणि इंजिनही ठरले आहे. आता निर्णय व्हायचा आहे तो गिअरबॉक्सचा. बाहेरून कोणाला न दिसणारा हा भाग गाडी चालवणाऱ्याच्या हाताखाली मात्र सतत असतो, त्यामुळे प्रतिकृती किती खरी उतरली याची परीक्षा तिथेच होते.

इंजिनाचा प्रश्न सहज सुटला, त्याला एक कारण आहे. सुरुवातीच्या एमजीएमध्ये ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनच्या बी मालिकेतले 1489 सीसीचे इंजिन होते, आणि त्याच मालिकेतले, तेवढ्याच क्षमतेचे इंजिन 1959 पासून आपल्या अॅम्बॅसडरमध्ये बसवले जाऊ लागले. एमजीएला दोन एसयू कार्ब्युरेटर होते आणि अॅम्बॅसडरला एक, असे फरक आहेत. पण टॅपेट लावण्यापासून हेड उतरवण्यापर्यंतचे या इंजिनाचे सगळे काम सोलापुरातल्या जुन्या मेस्त्रींना पाठ आहे.

मग गिअरबॉक्सही अॅम्बॅसडरचाच का घेऊ नये, असे कोणीही विचारील. जुन्या अॅम्बॅसडरचा चार गिअरांचा बॉक्स त्याच घराण्यातला आहे, पण त्याचा लिव्हर स्टीअरिंगच्या दांड्यावर आहे. एमजीएचा आखूड लिव्हर दोन आसनांच्या मधल्या उंचवट्यावर येतो. हात स्टीअरिंगवरून खाली आला की थेट त्याच्या मुठीवर पडतो. अॅम्बॅसडरच्या बॉक्सला तसा लिव्हर देण्यासाठी मागचा सगळा भाग बदलावा लागतो, आणि एवढी खटपट केल्यावरही हाती येतो तो जोडकामाचा बॉक्स. माझ्या मते हा मार्ग सोडून द्यावा.

1992 नंतरच्या इसुझू इंजिनाच्या अॅम्बॅसडरचा पाच गिअरांचा बॉक्स आणि परदेशात अशा गाड्यांना हौसेने बसवला जाणारा फोर्डचा टाइप 9, हे दोन्ही पर्याय चांगले आहेत. टाइप 9 चा पाचवा गिअर 0.82 गुणोत्तराचा आहे, म्हणजे बॉक्समधून बाहेर पडणाऱ्या शाफ्टच्या एका फेऱ्याला इंजिनाचे 0.82 फेरे लागतात. ताशी 100 किलोमीटरला मूळ एमजीएचे इंजिन मिनिटाला सुमारे 3700 फेरे घेते. या पाचव्या गिअरमुळे ते 3000 वर येतात. पुण्याच्या किंवा हैदराबादच्या महामार्गावर दिवसभर गाडी हाकणाऱ्याला ही मोठीच सोय आहे. परंतु ही गाडी महामार्गावर जाणार नाही. नोंदणीकृत गाडीच्या मूळ रचनेत बदल करायला मोटार वाहन कायद्याचे कलम 52 आडवे येते, सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2019 मध्ये त्या कलमाचा अर्थ कडकपणेच लावला आहे, आणि 50 वर्षांहून जुन्या गाड्यांसाठीची व्हिंटेज नोंदणी नव्याने घडवलेल्या प्रतिकृतीला मिळत नाही. गाडी खाजगी आवारात आणि प्रदर्शनातच चालणार असेल, तर पाचव्या गिअरसाठी तिचा मूळ स्वभाव बदलण्याचे कारण उरत नाही.

म्हणून निवड येते ती एमजीएच्या स्वतःच्या बॉक्सवर. त्याची गुणोत्तरे 3.64, 2.21, 1.37 आणि 1 अशी आहेत, आणि पहिल्या गिअरला सिंक्रोमेश, म्हणजे दात जुळण्याआधी दोन्हींचा वेग आपोआप सारखा करणारी रचना, नाही. 1967 च्या अखेरीस एमजीएनंतरच्या एमजीबी या गाडीला चारही गिअरांना सिंक्रोमेश असलेला बॉक्स मिळाला. पण तो आकाराने मोठा आहे, त्याच्यासाठी मधला उंचवटा रुंद करावा लागतो आणि गाडीचे वर्षही चुकते. सिंक्रोमेश नसलेल्या पहिल्या गिअरला घाबरण्याचे कारण नाही. जुन्या ट्रकवर हात बसलेल्या चालकांना डबल क्लच कोणी शिकवावा लागत नाही. दुसऱ्या गिअरमध्ये इंजिन 1500 फेऱ्यांवर असेल, तर क्लच दाबून न्यूट्रल करायचे, क्लच सोडून इंजिन 2500 च्या आसपास न्यायचे आणि पुन्हा क्लच दाबून लिव्हर पहिल्यात टाकायचा. वेग जुळला तर दात आवाज न करता एकमेकांत शिरतात. कान आणि पाय यांचा हा मेळ त्या काळच्या गाडी चालवण्याचा गाभा आहे, आणि प्रतिकृतीत तो यावा असे मला मनापासून वाटते.

जुना बॉक्स विकत घेताना तो उघडून पाहिल्याशिवाय पैसे देऊ नयेत. झाकण काढले की पहिल्या गिअरचे सरळ कापलेले दात समोर येतात. त्यांच्या कडा झिजून गोल झाल्या असतील किंवा कोपरे उडाले असतील, तर आधीच्या मालकाने गिअर घासून टाकले आहेत असे समजावे. त्यानंतर लेगिअर, म्हणजे बॉक्समधला खालचा गिअरसंच, हाताने हलवून पाहावा, कारण त्याच्या नीडल (बारीक सुईसारख्या रोलरच्या) बेअरिंगची झीज पुढे गुणगुणण्याच्या आवाजातून कळते, आणि तोवर खर्च वाढलेला असतो. इंजिनाशी जोडताना इनपुट शाफ्टचे स्प्लाइन (त्यावरच्या उभ्या खाचा), स्पिगॉट बुश (शाफ्टचे टोक ज्यात बसते ती बुश) आणि क्लचप्लेट ही तिन्ही मापे व्हर्निअरने घ्यावीत. घराणे एक आहे म्हणून मापे गृहीत धरू नयेत. एमजीएचे क्लच रिलीज बेअरिंग, म्हणजे पेडल दाबल्यावर क्लच सोडवणारा भाग, कार्बनच्या कड्याचे असते, आणि पेडलवर पाय ठेवून बसणाऱ्याच्या गाडीत ते लवकर संपते.

तेलाबद्दलही सांगायला हवे. गॅरेजमध्ये गिअरबॉक्स म्हटला की हात सवयीने नव्वद नंबरच्या ईपी (जास्त दाब सोसणाऱ्या) घट्ट गिअर तेलाकडे जातो. या बॉक्ससाठी मात्र कारखान्याने इंजिन ऑइलच सांगितले होते. काही ईपी तेलांतली रसायने सिंक्रोमेशच्या रिंगांच्या पितळी धातूला खातात, आणि घट्ट तेलात रिंगांची पकडही उशिरा बसते. म्हणून बॉक्स जोडून झाला की त्याच्या झाकणावर रंगाने ‘इंजिन ऑइल’ असे लिहून ठेवावे, म्हणजे पुढे कोणत्याही गॅरेजात गाडी उघडली तरी चुकीचे तेल पडणार नाही.