दाराच्या मापाचं तोरण

नमस्कार श्रोत्यांनो. हाताशी कागद-पेन्सिल असेल तर घेऊन बसा. चौकटींचा कागद, म्हणजे मुलांच्या गणिताच्या वहीतला ग्राफ पेपर मिळाला तर फारच छान. आज आपण क्रोशाच्या विणकामाबद्दल बोलणार आहोत, आणि त्यातही दारावरच्या ‘शुभ लाभ’च्या तोरणाबद्दल जास्त, कारण तेवढं एक तोरण नीट समजलं की बाकीचे निम्मे नमुने आपोआप उलगडतात.

क्रोशा शिकवताना मला सगळ्यात जास्त ऐकू येणारा प्रश्न म्हणजे, “ताई, याचा नमुना द्याल का?” नमुना मी आनंदाने देते. पण तो नमुना ज्या दारासाठी बसवलेला असतो ते दार तुमचं नसतं. दोरा वेगळा, सुई वेगळी, हात वेगळा. मग अर्धं विणून झाल्यावर लक्षात येतं की तोरण चार बोटं कमी पडतंय, आणि उसवायला बसावं लागतं. म्हणून माझा आग्रह असा असतो की नमुना उतरवून घेण्याआधी त्याचा हिशेब शिकून घ्या. तो चौथीच्या गणिताच्या पलीकडे जात नाही.

आधी दोरा. तोरणाला सुती, मर्सराइज्ड दोरा घ्या. त्याला चमक असते आणि तो धुतल्यावर लोळागोळा होत नाही. दोऱ्याचा नंबर जितका मोठा तितका दोरा बारीक, हे नवीन बायकांना उलटं वाटतं, तेव्हा लक्षात ठेवा. वीस नंबरच्या दोऱ्याला सव्वा ते दीड मिलिमीटरची स्टीलची सुई चालते. लोकरीची जाड सुई इथे उपयोगाची नाही. सगळे गुंडे एकदमच घ्या आणि प्रत्येकाच्या वेष्टनावरचा लॉट नंबर एकच आहे ना ते दुकानातच बघा. तोच रंग दुसऱ्या लॉटमध्ये किंचित फिका किंवा गडद निघतो, आणि तो फरक दुकानातल्या ट्यूबलाइटखाली कळत नाही, दारावर उन्हात लगेच कळतो. लाल किंवा मरून दोरा पांढऱ्याबरोबर वापरणार असाल तर हातभर तुकडा ओला करून पांढऱ्या फडक्यात घट्ट दाबून बघा. रंग उतरला तर ती जोडी नको.

आता टाके. आपल्याला तीनच लागणार आहेत. साखळी, खांब, आणि मुका खांब. खांब म्हणजे सुईवर एकदा दोरा घेऊन टाक्यात घालायची, दोरा ओढून घ्यायचा आणि दोन-दोन करत दोनदा सोडवायचं. मुका खांब बुटका. त्यात आधी दोरा घ्यायचा नाही, टाक्यातून ओढून दोन्ही फासे एकदम सोडवायचे.

मोबाइलवर व्हिडिओ बघून विणणाऱ्यांसाठी इथेच एक गोष्ट सांगते. आपला जो खांब, त्याला अमेरिकन नमुन्यात ‘डबल क्रोशे’ म्हणतात आणि ब्रिटिश नमुन्यात ‘ट्रेबल’. ब्रिटिशांचा ‘डबल’ म्हणजे आपला मुका खांब. त्यामुळे नमुना कुणाचा आहे हे न बघता विणलं तर रुमाल एक तर निम्म्या उंचीचा होतो नाहीतर दुप्पट. ओळखायची खूण सोपी आहे. नमुन्यात कुठेही ‘सिंगल क्रोशे’ असा शब्द आला की तो अमेरिकन समजा.

त्याहून चांगला उपाय म्हणजे चिन्हांचा तक्ता वाचायला शिकणं. लांबट गोल म्हणजे साखळी. फुली किंवा अधिकचं चिन्ह म्हणजे मुका खांब. इंग्रजी ‘टी’सारखी उभी दांडी आणि तिच्या मध्यावर एक तिरकी रेघ म्हणजे खांब. दोन तिरक्या रेघा असतील तर सुईवर दोनदा दोरा घ्यायचा, म्हणजे खांब आणखी उंच. जपानी पुस्तकं तर जवळपास पूर्णपणे अशा चिन्हांवरच चालतात, आणि जपानी भाषेचं एक अक्षर न येता त्यातली फुलं आपल्याला विणता येतात. ज्यांना इंग्रजी वाचायची भीती वाटते त्यांनी तर हा तक्ता शिकाच. गोल तक्ता मधून बाहेर वाचायचा, आणि उजव्या हाताने विणत असाल तर घड्याळाच्या उलट दिशेने.

चला, आता तोरण. हे जाळीचं काम आहे. जाळीत दोनच प्रकारची घरं असतात, रिकामं आणि भरलेलं. रिकामं घर म्हणजे एक खांब, दोन साखळ्या, खालचे दोन टाके सोडून तिसऱ्यावर पुन्हा खांब. भरलेलं घर म्हणजे त्या दोन साखळ्यांच्या जागी दोन खांब. शेजारच्या दोन घरांमधला खांब दोघांचा सामाईक असतो. म्हणून जितकी घरं, त्याची तिप्पट करायची आणि शेवटच्या खांबासाठी एक मिळवायचा. एकवीस घरं असतील तर एकवीस त्रिक त्रेसष्ट, अधिक एक, चौसष्ट टाके.

तोरण नेहमी आडवं विणा. म्हणजे दाराच्या रुंदीएवढ्या शेकडो साखळ्या घालून सुरुवात करू नका. तोरणाच्या उंचीएवढी ओळ धरा आणि दाराच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे विणत जा. यात मोठी सोय अशी की लांबी कमी-जास्त करणं शेवटपर्यंत तुमच्या हातात राहतं. चार ओळी जास्त विणल्या की झालं.

‘शुभ लाभ’ लिहायला उंचीची एकवीस घरं मी अशी वाटते. वर एक आणि खाली एक भरलेल्या घरांची किनार. तिच्या आत दोन्हीकडे दोन-दोन घरं मोकळी. उरली पंधरा. त्यातली वरची अकरा अक्षरांच्या अंगाला, शिरोरेघ धरून, आणि खालची चार ‘शु’च्या उकाराला. ही चार घरं पुष्कळ जणी विसरतात आणि मग उकार किनारीत घुसतो. तुम्हाला ‘श्री’ लिहायचा असेल तर उलट करा, वेलांटीसाठी शिरोरेघेच्या वर जागा सोडा. ‘शुभ’ला वीसेक ओळी धरा, ‘लाभ’ला कान्यामुळे तेवीस. ग्राफ पेपरवर पेन्सिलीने घरं भरताना एक काळजी घ्या. गोलाई काढताना दोन भरलेली घरं फक्त कोपऱ्याला कोपरा लावून ठेवली तर विणल्यावर अक्षर तिथे तुटल्यासारखं दिसतं. घरं कडेला कड लागून सरकली पाहिजेत. ‘भ’च्या गाठीत हे विशेष जपा.

कागद तयार झाला की तो डावीकडे वळवा, म्हणजे शिरोरेघ तुमच्या डाव्या हाताला येईल आणि ‘शु’ची सुरुवात तळाला. आता तळाची ओळ पहिली. ती उजवीकडून डावीकडे वाचायची, पुढची डावीकडून उजवीकडे, आणि असंच आलटून पालटून. डावखुऱ्या श्रोत्यांची अक्षरं आरशातल्यासारखी उलटी आली तर घाबरू नका. जाळी दोन्ही बाजूंनी जवळपास सारखीच दिसते, तोरण पालटून लावलं की अक्षर सुलट.

आता सुरुवात. किनारीची पहिली ओळ पूर्ण भरलेली आहे, म्हणून सहासष्ट साखळ्या घाला आणि सुईपासून चौथ्या साखळीत पहिला खांब विणा. सोडलेल्या तीन साखळ्या हाच पहिला खांब धरायचा. मोजून बघा, ते तीन सोडून त्रेसष्ट खांब आणि तो एक, चौसष्ट. पुढच्या प्रत्येक ओळीच्या सुरुवातीला तीन साखळ्या, त्यांचाही एक खांब. ओळीचा शेवटचा खांब मागच्या ओळीतल्या त्या तीन साखळ्यांपैकी वरच्या साखळीत घालायचा असतो. तो राहून गेला की कड आत आत जाऊ लागते. “ताई, माझं काम तिरपं होतंय,” असं कुणी म्हणालं की मी आधी तिथेच बोट ठेवते. आणि सुरुवातीची साखळी घट्ट येऊन खालची कड आवळत असेल तर ती साखळी तेवढी एक नंबर मोठ्या सुईने घाला, पुढे नेहमीची सुई घ्या. हात सैल करायच्या मागे लागू नका. हाताची सवय बदलत नाही, सुई बदलता येते.

पण हे सगळं सुरू करण्याआधी एक छोटा तुकडा विणायचा, दहा घरं रुंद आणि दहा ओळी उंच. तो धुवा, वाळवा, मग मोजा. समजा दहा घरं आठ सेंटिमीटर भरली आणि दहा ओळी नऊ सेंटिमीटर. म्हणजे आपल्या एकवीस घरांची उंची होणार जवळपास सतरा सेंटिमीटर, आणि नव्वद सेंटिमीटरच्या दाराला लागणार शंभर ओळी. त्यातल्या त्रेचाळीस अक्षरांच्या. उरल्या सत्तावन्न, त्यांत दोन्ही टोकांच्या किनारी, मधलं कमळ किंवा कलश आणि मोकळी जागा बसवायची. याच तुकड्यावरून हेही कळतं की तुमचं घर चौरस येत नाही, एका दिशेला लांबतं, म्हणजे अक्षरही तेवढं पसरणार. ते नको असेल तर कागदावर अक्षर एखाद्या ओळीने अरुंद काढा. एवढ्याशा तुकड्याला संध्याकाळ जाते, पण पुढचे आठवडे वाचतात.

दोरा संपला तर गाठ मारू नका. जाळीत गाठ लपत नाही. नवा दोरा किनारीजवळच्या भरलेल्या घरात जोडा, दोन्ही टोकं वीतभर ठेवा, आणि पुढचे खांब त्या टोकांवरूनच विणा म्हणजे ती आत दडतात. उरलेलं टोक बोथट सुईने आधी एका दिशेला आणि मग उलट दिशेला ओवून घ्या.

गोल रुमालाबद्दल थोडक्यात, कारण चौरंगावरच्या रुमालाचं नेहमी विचारलं जातं. खांबाचा सपाट गोल हवा तर पहिल्या फेरीत बारा खांब आणि पुढे प्रत्येक फेरीत बारा वाढवायचे. बारा, चोवीस, छत्तीस, अठ्ठेचाळीस. मुक्या खांबाचा असेल तर सहा-सहाने. गोलाची वाटी होऊ लागली तर वाढ कमी पडतेय, झालर पडू लागली तर जास्त होतेय. झालर पडली तर एक फेरी न वाढवता विणून बघा. आणि वाढवायची जागा दर फेरीला थोडी सरकवा, एकावर एक आली तर गोलाला कोपरे फुटतात.

जाता जाता सांगावंसं वाटतं. आपल्या त्र्यंबकेश्वरला उगम पावलेली गोदावरी समुद्राला मिळते त्या भागात, आंध्र प्रदेशात, नरसापूर नावाचं गाव आहे. एकोणिसाव्या शतकात मिशनऱ्यांनी तिथल्या बायकांना क्रोशाची लेस शिकवली, आणि पुढे ती लेस परदेशात जाऊ लागली. घराघरांत बसून बायकांनीच हे काम उभं केलं. म्हणून क्रोशाला कुणी ‘रिकामपणाचा उद्योग’ म्हटलं की मला वाईट वाटतं. याला मेहनत आहे, डोकं आहे, आणि विकायचं ठरवलंत तर त्याचा मोल मागायला संकोच करू नका. किंमत सांगताना दोऱ्याबरोबर आपले तासही धरा.

तोरण विणून झालं की साबुदाण्याची किंवा आरारूटची पातळ खळ करा. कोमट झाली की तोरण त्यात बुडवून हलकं दाबून काढा, पिळू नका. जाड सतरंजीवर स्वच्छ फडकं पसरून ते हव्या त्या मापात ताणा आणि न गंजणाऱ्या टाचण्यांनी दर बोटभर अंतरावर टोचून सावलीत वाळवा. आधी चार कोपरे, मग बाजूंचे मध्य, मग बाकीचं. सुती दोऱ्याला उलट्या बाजूने इस्त्री चालते. अॅक्रिलिक लोकरीच्या कामाला मात्र गरम इस्त्री कधीही लावू नका, ती लोकर वितळून कायमची चपटी होते. लावताना वरच्या किनारीतून एक जाड दोरी किंवा पातळ काठी ओवा, म्हणजे मध्ये झोळ येणार नाही.

सण झाल्यावर तोरण कोमट पाण्यात धुऊन खळ पूर्ण काढा आणि मगच ठेवा, कारण खळीच्या वासाने झुरळं येतात. घडी घालू नका, घडीवर दोरा पिवळा पडतो आणि झिजतो. जुन्या सुती साडीच्या तुकड्यात गुंडाळी करून ठेवा, आणि त्याच गुंडाळीत तुमचा ग्राफचा कागद, सुईचा नंबर आणि दोऱ्याचं वेष्टनही ठेवा. पुढच्या वर्षी बहिणीच्या दाराचं माप आलं की ते लागेल. नमस्कार.