रिटार्ड : मशीनला चालतो, माणसाला का नाही

एअरबस ए-३२० लँड होताना, जमीन साधारण २० फुटांवर आली की विमान स्वतःच बोलतं, रेकॉर्ड केलेल्या आवाजात, 'रिटार्ड, रिटार्ड'. इंग्रजीत ही मतिमंद म्हणून हिणवायची शिवी आहे, त्यामुळे पहिल्यांदा ऐकणाऱ्याला वाटतं विमान पायलटला शिव्या घालतंय, आणि पायलट लोकच यावर सगळ्यात जास्त जोक मारतात. सांगायचं एवढंच असतं की थ्रस्ट लिव्हर, म्हणजे इंजिनाचा जोर ठरवणारी दांडी, मागे ओढ, आयडलला, म्हणजे सगळ्यात कमी जोरावर आण. पण ती लिव्हर मागे न येणं म्हणजे काय ते १७ जुलै २००७ ला ब्राझीलमध्ये दिसलं. साओ पाउलोचा काँगोन्यास एअरपोर्ट, रनवे ओला, आणि ब्लॅक बॉक्समध्ये अशी नोंद की उजव्या इंजिनाची लिव्हर क्लाइंबवरच, म्हणजे वर चढतानाच्या जोरावरच राहिली, त्यामुळे पंखांवरचे स्पॉयलर, म्हणजे वेग मारणाऱ्या फळ्या, उघडलेच नाहीत, आणि विमान रनवे ओलांडून पलीकडच्या बिल्डिंगवर आदळलं. १९९ माणसं गेली.

तर आजचा आपला शब्द हा. लॅटिनमध्ये टार्डुस म्हणजे सावकाश, रेंगाळणारा. तिथून फ्रेंच, फ्रेंचमधून पंधराव्या शतकाच्या शेवटी इंग्रजी. वेस्टर्न म्युझिक शिकणाऱ्यांना रिटार्डांडो माहीत असेल, म्हणजे लय हळूहळू उतरवत न्यायची, तोही याच घरातला. आणि हे क्रियापद आहे बरं का, कोणीतरी कशाचा तरी वेग मुद्दाम कमी करतंय, एवढाच अर्थ.

मेकॅनिकलवाल्यांना तर हा रोजचाच. इग्निशन टायमिंग, म्हणजे इंजिनात ठिणगी पडायची वेळ, ॲडव्हान्स (लवकर) करायचं नाहीतर रिटार्ड (उशिरा) करायचं. जुन्या फोर्ड मॉडेल टीला स्टिअरिंगच्या डाव्या बाजूला त्यासाठी चक्क एक दांडी असायची, हँडल मारून गाडी चालू करण्याआधी ती रिटार्डवर आणावी लागायची, विसरलात तर स्पार्क लवकर पडून इंजिन उलटा झटका मारायचं आणि हँडल धरणाऱ्याचा हात मोडायचा, असे हात तेव्हा खरंच मोडलेत. घाट उतरणाऱ्या मोठ्या बसलाही रिटार्डर असतो, ब्रेक लायनर तापू नयेत म्हणून.

सिव्हिलवाल्यांचा रिटार्डर वेगळा. सिमेंटमध्ये जिप्सम घालतात ते त्याच कामासाठी, नाहीतर पाणी पडल्या पडल्या ते आवळायला लागेल. मुंबईच्या ट्रॅफिकमध्ये अडकलेल्या मिक्सर ट्रकमधल्या काँक्रीटला त्याच्यावर आणखी केमिकल लागतं. आणि साखर! सिमेंटच्या वजनाच्या हजारातला अर्धा भाग जरी साखर गेली तरी सेटिंग काही तासांनी पुढे जातं, म्हणून तर ट्रक बंद पडला की ड्रममध्ये साखर ओततात.

आता मला यात काय दिसतं सांगतो. या सगळ्या ठिकाणी हळू करणं हे काम आहे, ते थोड्या वेळापुरतं आहे, आणि समोर ॲडव्हान्स करायची सोय आहे. गडबड झाली ती हा शब्द शाळेत शिरल्यावर.

१९०९ च्या सुमाराला अमेरिकेत लिओनार्ड एअर्स नावाच्या माणसाने शाळांचा अभ्यास केला, त्यात रिटार्डेड म्हणजे वयाच्या मानाने खालच्या वर्गात असलेलं पोर, बस. ते आजारपणामुळे मागे पडलं असेल, शाळेत उशिरा घातलं असेल, काहीही. तेव्हा बुद्धीची वाढ कमी असलेल्यांसाठी डॉक्टर लोकांचे शब्द होते इडियट आणि इंबेसाइल, आणि मोरॉन तर १९१० मध्ये हेन्री गॉडार्ड या मानसशास्त्रज्ञाने मुद्दाम ग्रीकमधून घडवलेला टेक्निकल शब्द, हो, आज आपण ट्रॅफिकमध्ये वापरतो तोच. हे सगळे शिव्या झाले म्हणून त्यांच्या जागी सभ्य, सौम्य शब्द आणला, मेंटल रिटार्डेशन. आणि मग त्यातल्या 'रिटार्ड' या क्रियापदाचंही नाम झालं, उच्चारातला आघात पहिल्या अक्षरावर सरकला आणि पोरं मैदानावर एकमेकांना तेच म्हणायला लागली. भाषा-मानसशास्त्रज्ञ स्टीव्हन पिंकर याला युफेमिझम ट्रेडमिल, म्हणजे सौम्य शब्दांची ट्रेडमिल म्हणतो, चालत राहायचं आणि पोचायचं कुठेच नाही. मला ते अर्धंच पटतं, कारण प्रत्येक शब्दाबरोबर पालकांना आणि त्या मुलांना थोडीतरी उसंत मिळतेच की.

५ ऑक्टोबर २०१० ला ओबामांनी रोझाज लॉवर सही केली आणि अमेरिकेच्या आरोग्य, शिक्षण, कामगार कायद्यांमधून हा शब्द गेला. २०१३ मध्ये मानसोपचारवाल्यांच्या डीएसएम-५ या निदानाच्या पुस्तकातूनही गेला. अमेरिकेतल्या या विषयाच्या तज्ज्ञांच्या संघटनेने तर १९८७ मध्ये नावात घेतलेला हा शब्द २००७ मध्ये काढून टाकला. वीस वर्षांत पाटी दोनदा बदलली.

आपण हसायला नको, आपला मतिमंद काही वेगळा नाही. मंद म्हणजे तेच ना, सावकाश. तोही शिवी झाला, मग गतिमंद आला, मग विशेष मूल आलं, आता इंग्रजी शाळांतली पोरं 'स्पेशल आहेस का' म्हणूनच चिडवतात.

आपल्याकडे २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने इंटलेक्च्युअल डिसॅबिलिटी (बौद्धिक दिव्यांगता) हा शब्द घेतला. पण १९९९ च्या नॅशनल ट्रस्ट कायद्याच्या लांबलचक नावातच मेंटल रिटार्डेशन आहे, आणि गंमत अशी की असा मुलगा अठरा वर्षांचा झाला की आईवडिलांना कायदेशीर पालक म्हणून अर्ज करायला याच कायद्याखाली, कलेक्टरांच्या कमिटीकडे जावं लागतं. मुलाला आयुष्यभर कोणी तसं म्हणू नये म्हणून भांडलेल्या आईने मग त्या नावाच्या कायद्याखालीच अर्ज भरायचा.